संगणकावर सॉफ्टवेअर वारंवार बसत नसल्यास करावयाची तपासणी

गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शी तालुका हा वैनगंगेच्या काठचा धानाचा तालुका होय. जुलै महिन्यात येथील बांध्यांत रोवणीची धांदल सुरू असते आणि नेमक्या त्याच दिवसांत शेतकऱ्यास कागदपत्रांच्या कामासाठी गाव सोडून बाहेर पडावे लागते. खरिपाच्या पीक विम्याचा अर्ज सामान्यतः ३१ जुलैपर्यंत भरावयाचा असतो. प्रधानमंत्री किसान सन्मान निधीचा हप्ता मिळण्यासाठी ई-केवायसी पूर्ण झालेली असावी लागते. राज्य शासनाच्या कृषी योजनांचा लाभ घेण्याकरिता २०२५ सालापासून शेतकरी ओळख क्रमांक आवश्यक झालेला आहे. पुढे धान निघाल्यावर आधारभूत किमतीने विक्री करावयाची तर त्याचीही ऑनलाइन नोंदणी आगाऊ करावी लागते. ज्यांचा मोबाइल क्रमांक आधारशी जोडलेला नाही अशा शेतकऱ्यांची, विशेषतः वयस्क स्त्री-पुरुषांची, ओळख बहुधा बोटाच्या ठशावरूनच पटवावी लागते. ठसा घेणाऱ्या यंत्राचे सॉफ्टवेअर सेवा केंद्राच्या संगणकावर बसत नसेल, तर दूरच्या गावाहून एका दिवसाची मजुरी बुडवून आलेला मनुष्य रिकाम्या हाताने परत जातो.

ही अडचण ठसायंत्रापुरतीच नाही. कृषी सेवा केंद्राचे बिलाचे सॉफ्टवेअर, प्रिंटरचा ड्रायव्हर, डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर, मराठी टंकलेखनाचा कळफलक, या सर्वांच्या बाबतीत ती केव्हा ना केव्हा उद्भवते. केंद्र शासनाने २०२२ साली ६३,००० प्राथमिक कृषी पतपुरवठा संस्थांच्या संगणकीकरणासाठी २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली; तेव्हापासून संस्थेच्या सचिवांसही अशा कामाशी गाठ पडू लागली आहे.

सॉफ्टवेअर बसले नाही की तेच सेटअप दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, दहाव्यांदा चालविण्याचा प्रघात सर्वत्र दिसून येतो. पेरलेले बी उगवले नाही तर जाणता शेतकरी तेच बी त्याच जागी पुन्हा टाकीत नाही. प्रथम माती उकरून बी कुजले, किडीने खाल्ले की खोल पडले, हे पाहतो. येथेही तीच रीत उपयोगी पडते. पुनःपुन्हा केलेल्या प्रयत्नांनी मूळ कारण दूर होत नाही. इतकेच नव्हे, तर ते अधिकाधिक झाकले जाते. असे का होते हे समजण्यासाठी सेटअप चालविल्यावर संगणकात काय घडते ते थोडक्यात पाहणे जरूर आहे.

सेटअप चालविल्यावर काय घडते

सेटअपची फाईल म्हणजे प्रत्यक्ष सॉफ्टवेअर नव्हे. ती एक बांधून ठेवलेली पेटी असून तिच्यात सॉफ्टवेअरच्या शेकडो फाईली आणि त्या कोठे व कशा ठेवाव्यात याच्या सूचना असतात. सेटअप सुरू होताच ही पेटी प्रथम ‘टेम्प’ नावाच्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये उघडली जाते. नंतर विंडोजची आवृत्ती, डिस्कवरील मोकळी जागा, पूर्वीचे सॉफ्टवेअर आणि लागणारे इतर घटक यांची पाहणी होते. ती उरकल्यावर फाईली ‘प्रोग्राम फाईल्स’ या फोल्डरमध्ये नेल्या जातात, ‘रजिस्ट्री’ नावाच्या विंडोजच्या नोंदवहीत नोंदी केल्या जातात आणि पार्श्वभूमीवर सतत चालणाऱ्या सेवा असल्यास त्या सुरू केल्या जातात. यांपैकी कोणत्याही पायरीवर काम अडू शकते. आणि ते कोणत्या पायरीवर अडले यावर उपाय अवलंबून असतो.

मायक्रोसॉफ्ट कंपनीने १९९९ साली ऑफिस २००० या संचाबरोबर ‘विंडोज इन्स्टॉलर’ नावाची व्यवस्था प्रचारात आणली. ज्या फाईलच्या नावाच्या शेवटी एमएसआय ही अक्षरे असतात त्या फाईली ही व्यवस्था हाताळते. तिचा एक नियम विशेष ध्यानात ठेवण्यासारखा आहे. काम मध्येच अडले तर तोवर केलेले फेरफार उलट क्रमाने मागे घ्यावयाचे आणि संगणक पूर्वस्थितीस आणावयाचा, असा तो नियम होय. म्हणूनच पडद्यावरील पट्टी जवळजवळ शेवटच्या टोकास जाऊन पुन्हा मागे येताना दिसते. पुष्कळांना हे संगणकाचे खूळ वाटते. वास्तविक ती सुरक्षिततेची सोय आहे.

तथापि प्रत्येक सेटअप इतक्या काळजीने तयार केलेला नसतो. कित्येक जुने, विशेषतः एक्सई प्रकारचे सेटअप अडल्यावर आपल्या अर्धवट फाईली व नोंदी मागे ठेवून जातात. दुसऱ्या वेळी सेटअप चालविला की या अवशेषांवरून ‘हे सॉफ्टवेअर आधीच बसलेले आहे’ असा त्याचा समज होतो आणि तो निराळ्याच कारणाने अडतो. याचा अर्थ असा की, पाचव्या वेळी पडद्यावर दिसलेली तक्रार हीच पहिल्या वेळची तक्रार असेल असे नाही. यास्तव पहिल्याच वेळी दिसलेला संदेश शब्दशः टिपून घेणे किंवा मोबाइलवर त्याचे छायाचित्र काढून ठेवणे अत्यंत महत्त्वाचे आहे. घाईने ‘ओके’ दाबून तो घालवू नये.

प्रथम पाहावयाच्या साध्या गोष्टी

विंडोज १० व ११ मध्ये ‘शट डाउन’ करून संगणक पुन्हा चालू करणे आणि ‘रिस्टार्ट’ करणे या दोन गोष्टी एक नव्हेत. जलद सुरू होण्याची सोय चालू असेल तर ‘शट डाउन’ करताना विंडोज आपल्या गाभ्याची स्थिती डिस्कवर जतन करून ठेवते व दुसऱ्या दिवशी तीच पुन्हा उचलते. त्यामुळे रोज संध्याकाळी बंद होणारा संगणकही कित्येक दिवस खऱ्या अर्थाने नव्याने सुरू झालेला नसतो. पूर्वीच्या एखाद्या सॉफ्टवेअरचे वा विंडोज अपडेटचे काम ‘रिस्टार्ट’साठी खोळंबलेले असेल तर नवा सेटअप अडतो. म्हणून सर्व कामे जतन करून एकदा ‘रिस्टार्ट’ हाच पर्याय निवडावा आणि त्यानंतर दुसरे काहीही न उघडता सेटअप चालवावा. या एका गोष्टीने अनेक तक्रारी मिटतात.

यानंतर फाईल पाहावी. सेवा केंद्रांत सेटअप बहुधा झिप स्वरूपात येतो आणि ती झिप फाईल न सोडविता आतील सेटअपवरच दोनदा क्लिक केले जाते. अशा वेळी सेटअपला सोबतच्या फाईली सापडत नाहीत. झिपवर उजवे बटण दाबून ‘एक्स्ट्रॅक्ट ऑल’ करावे आणि संपूर्ण फोल्डर सी ड्राइव्हवर साध्या, आखूड नावाच्या जागी ठेवावा. पेन ड्राइव्हवरूनही सेटअप चालवू नये. आधी तो संगणकात उतरवून घ्यावा. मोबाइलच्या जोडणीवर डाउनलोड मध्येच तुटल्यास फाईल अपुरी राहते, परंतु नाव मात्र पूर्ण दिसते. कंपनीच्या संकेतस्थळावर दिलेला फाईलचा आकार आणि उतरलेल्या फाईलचा आकार जुळतो की नाही हे पाहिल्यास याचा उलगडा होतो. फाईलच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘डिजिटल सिग्नेचर्स’ हे पान असल्यास तेथील सही ग्राह्य आहे काय, तेही पाहावे.

काही सेटअप आकाराने अगदी लहान असतात. ते स्वतःबरोबर काहीच आणीत नाहीत, तर चालू झाल्यावर उरलेला सर्व माल इंटरनेटवरून ओढून घेतात. जोडणी मंद असलेल्या गावी असे सेटअप निम्म्यावर थांबतात. बहुतेक कंपन्या याच सॉफ्टवेअरची ‘ऑफलाइन’ म्हणजे पूर्ण आवृत्तीही ठेवतात. ती तालुक्याच्या ठिकाणी चांगल्या जोडणीवर एकदाच उतरवून घ्यावी.

संगणकाचे घड्याळ ही गोष्ट कोणाच्या ध्यानातही येत नाही. मदरबोर्डवरील लहान सेल, बहुतेक संगणकांत सीआर २०३२ या क्रमांकाचा, संपला असेल तर वीज जाऊन आल्यावर तारीख कित्येक वर्षे मागे जाते. डिजिटल सही व सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे यांना मुदत असते. चुकीच्या तारखेस ती अवैध ठरतात व इंटरनेटवरून माल ओढणारा सेटअप तेथेच थांबतो. सेल बदलणे हे अल्प खर्चाचे काम आहे.

डिस्कवरील जागेबद्दलही एक इशारा देणे अवश्य आहे. सी ड्राइव्ह भरलेला असेल तर टेम्प फोल्डरमधील जुन्या फाईली, रिसायकल बिन व डाउनलोडमधील अनावश्यक माल काढावा. परंतु विंडोजच्या फोल्डरमध्ये ‘इन्स्टॉलर’ नावाचा जो लपविलेला उपफोल्डर असतो तो मोठा दिसतो म्हणून कदापि रिकामा करू नये. बसविलेली सॉफ्टवेअर पुढे दुरुस्त करण्यास, सुधारण्यास किंवा काढून टाकण्यास लागणाऱ्या प्रती तेथेच असतात. त्या गेल्या की काही महिन्यांनी जुनी आवृत्ती निघत नाही, जुनी निघत नाही म्हणून नवी बसत नाही, आणि त्या वेळी मूळ कारण कोणास आठवतही नसते.

बत्तीस की चौसष्ट

विंडोज ३२ बिटची आहे की ६४ बिटची, हे ‘सेटिंग्ज’मधील ‘सिस्टम’ व त्याखालील ‘अबाउट’ या पानावर दिलेले असते. ६४ बिटचे सॉफ्टवेअर ३२ बिटच्या विंडोजवर चालत नाही. ३२ बिटचे सामान्य सॉफ्टवेअर ६४ बिटच्या विंडोजवर चालते. परंतु ३२ बिटचा ड्रायव्हर तेथे चालत नाही. ठसायंत्र आणि प्रिंटर यांच्या बाबतीत हा भेद नेमका आडवा येतो. पूर्वीच्या संगणकावर वापरलेली सीडी नव्या संगणकावर उपयोगी पडत नाही त्याचे कारण पुष्कळदा हेच असते. विंडोज ११ ही फक्त ६४ बिटमध्येच उपलब्ध आहे.

विंडोज ७ चे साहाय्य १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. जुनी विंडोज त्यामुळे बंद पडत नाही, पण नवी सॉफ्टवेअर तिच्यावर बसेनाशी होतात. विंडोज ७ वर शेवटची अपडेट बसविलेली नसतील तर आजच्या पद्धतीची डिजिटल सही तिला ओळखताच येत नाही. अशा ठिकाणी सेटअपवर मेहनत घेण्यात अर्थ नाही. स्वस्तात मिळालेल्या काही नव्या लॅपटॉपांवर विंडोज ‘एस मोड’मध्ये असते. त्या स्थितीत मायक्रोसॉफ्ट स्टोअरखेरीज अन्य ठिकाणचे काहीही बसत नाही. एस मोडमधून विनामूल्य बाहेर पडता येते. मात्र पुन्हा त्यात परतता येत नाही.

पडद्यावरील आकड्याचा अर्थ

विंडोज इन्स्टॉलर अडला म्हणजे बहुधा चार अंकी आकडा दाखवितो. हा आकडा म्हणजे निदानाचा पहिला धागा होय. १६१८ याचा अर्थ दुसरे एखादे सॉफ्टवेअर त्याच वेळी बसत आहे. येथे काही बिघडलेले नसून विंडोज अपडेटचे काम संपेपर्यंत थांबणे एवढाच उपाय आहे. १६०१ किंवा १७१९ दिसल्यास विंडोज इन्स्टॉलर ही सेवाच मिळत नाही असे समजावे. १६१९ व १६२० हे आकडे फाईल उघडता न आल्याचे दर्शवितात, म्हणजे फाईल पुन्हा उतरवून घ्यावी. १६३८ म्हणजे त्याच सॉफ्टवेअरची दुसरी आवृत्ती आधीच आहे, आणि १६२५ म्हणजे संगणकाच्या धोरणानेच मनाई केलेली आहे. शासकीय कार्यालयाच्या संगणकावर हा शेवटचा आकडा आला तर तेथील तांत्रिक अधिकाऱ्याकडेच जावे; धोरण डावलण्याच्या युक्त्या शोधू नयेत.

२५०२ आणि २५०३ हे जुळे आकडे टेम्प फोल्डरवर लिहिण्याचा अधिकार नसल्याने बहुधा येतात. सेटअपवर उजवे बटण दाबून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ निवडावे. एमएसआय फाईलवर हा पर्याय दिसत नाही; म्हणून ‘कमांड प्रॉम्प्ट’ ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून त्यातून ती फाईल चालवावी लागते. ३०१० हा आकडा पाहून कित्येक जण सॉफ्टवेअर काढून टाकतात व पुन्हा पहिल्यापासून आरंभ करतात. तसे करण्याचे काहीच कारण नाही. ३०१० म्हणजे सॉफ्टवेअर व्यवस्थित बसले असून केवळ रिस्टार्ट करणे बाकी आहे, असा त्याचा अर्थ आहे.

सर्वांत अधिक आढळणारा आणि सर्वांत अधिक सतावणारा आकडा १६०३ हा होय. ‘स्थापनेच्या वेळी घातक चूक झाली’ एवढेच तो सांगतो. ताप आहे एवढेच सांगणाऱ्या वैद्यासारखी त्याची स्थिती आहे. फोल्डरवर विंडोजच्या ‘सिस्टम’ खात्यास पूर्ण अधिकार नसणे, फोल्डर सांकेतिक लिपीत बंद केलेला असणे, पूर्वीचे अवशेष, थांबलेली सेवा अशी नाना कारणे त्याच्या पोटी असतात. अशा वेळी तर्क लढवीत बसण्यापेक्षा लॉग वाचावा.

लॉग वाचण्याची रीत

लॉग म्हणजे सेटअपने स्वतः लिहिलेली रोजनिशी होय. मागे घेतलेल्या फेरफारांबरोबर सर्व खुणा पुसल्या गेल्या तरी ती शिल्लक राहते. एमएसआय फाईलसाठी लॉग मुद्दाम लिहवून घ्यावा लागतो. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये रोमन लिपीत पुढील क्रमाने टंकावे: प्रथम एमएसआयएक्झेक हा शब्द, मग तिरपी रेघ व आय, मग सेटअप फाईलचे ठिकाणासह पूर्ण नाव, मग तिरपी रेघ, एल, तारका व व्ही ही चिन्हे सलग, आणि शेवटी लॉगला द्यावयाचे नाव. प्रत्येक भागानंतर एक जागा मोकळी सोडावी आणि नावातच मोकळी जागा असेल तर ते नाव दुहेरी अवतरण चिन्हांत घालावे. एक्सई प्रकारचे पुष्कळ सेटअप आपला लॉग टेम्प फोल्डरमध्ये आपण होऊन ठेवतात; तो फोल्डर तारखेच्या क्रमाने लावला म्हणजे सर्वांत ताजी फाईल वर येते.

हा लॉग हजारो ओळींचा असतो, म्हणून तो पाहून गांगरून जाऊ नये. नोटपॅडमध्ये उघडून ‘रिटर्न व्हॅल्यू ३’ हे शब्द इंग्रजीत शोधावेत. जेथे ते प्रथम सापडतील त्याच्या लगेच वरच्या दहा-वीस ओळींत खरे कारण बहुधा लिहिलेले असते. कोणती फाईल लिहिता आली नाही, कोणती सेवा सुरू झाली नाही, कोणता घटक सापडला नाही, हे तेथे नावानिशी दिलेले असते. कंपनीच्या साहाय्य केंद्रास दूरध्वनी करताना ‘सॉफ्टवेअर बसत नाही’ असे सांगण्याऐवजी या ओळी वाचून दाखविल्या तर उत्तर लवकर मिळते. लॉग नसल्यास ‘इव्हेंट व्ह्यूअर’मधील ‘ॲप्लिकेशन’ या विभागात ‘एमएसआय इन्स्टॉलर’ नावाने केलेली नोंद पाहावी. ११७०८ या क्रमांकाची नोंद स्थापना अयशस्वी झाल्याची असते.

नेहमी सापडणारी कारणे

चामोर्शीसारख्या भागात एक कारण वरचेवर आढळण्याजोगे आहे आणि इंग्रजी पुस्तकांत त्याचा फारसा उल्लेख नसतो. संगणक नवा घेताना वापरकर्त्याचे नाव हौसेने देवनागरीत घातले जाते. त्या नावाचाच फोल्डर तयार होतो व टेम्प फोल्डर त्याच्या पोटात असतो. जुन्या घडणीच्या काही सेटअपना रोमनखेरीज अन्य अक्षरांतील वाट वाचता येत नाही, आणि ते आरंभीच कोलमडतात. पुढे खात्याचे नाव बदलले तरी फोल्डरचे नाव बदलत नाही. म्हणून रोमन अक्षरांतील साध्या नावाचे दुसरे ॲडमिनिस्ट्रेटर खाते उघडून त्यातून सेटअप चालवावा. मराठीत काम करण्यास याने कोणतीही बाधा येत नाही.

दुसरे कारण आधारभूत घटकांचे. हिशेबाची व बिलाची अनेक सॉफ्टवेअर ‘डॉट नेट’ आणि ‘व्हिज्युअल सी प्लस प्लस’ या मायक्रोसॉफ्टच्या घटकांवर उभी असतात. डॉट नेटची ४.८ ही नवी आवृत्ती असली तरी ३.५ साठी लिहिलेल्या सॉफ्टवेअरचे तिच्यावर भागत नाही. विंडोज १० मध्ये ‘विंडोज फीचर्स’च्या यादीत ३.५ स्वतंत्रपणे चालू करावी लागते आणि त्यासाठी इंटरनेट लागते. व्हिज्युअल सी प्लस प्लसच्या बाबतीत ६४ बिटच्या संगणकावरही ३२ बिटचे सॉफ्टवेअर असेल तर ३२ बिटचाच संच हवा. दोन्ही संच एकत्र असण्यास हरकत नाही.

ठसायंत्राच्या बाबतीत पूर्वीच्या सॉफ्टवेअरचे अवशेष हे कारण प्रमुख ठरते. आधारच्या नियमांनुसार या यंत्राबरोबर ‘आरडी सर्व्हिस’ नावाची नोंदणीकृत सेवा संगणकावर चालावी लागते. जुन्या ‘एल ०’ प्रकारच्या यंत्रांऐवजी ‘एल १’ प्रकारची यंत्रे आल्यामुळे अनेक केंद्रांवर दोन पिढ्यांची सॉफ्टवेअर एकमेकांवर चढली आहेत. प्रथम यंत्राची तार काढावी. जुनी सेवा व जुना ड्रायव्हर ‘ॲप्स’च्या यादीतून काढावा, रिस्टार्ट करावे, नवा ड्रायव्हर व नवी सेवा कंपनीने सांगितलेल्या क्रमाने बसवावी आणि सर्वांत शेवटी यंत्र जोडावे. जुने सॉफ्टवेअर यादीतून निघतच नसेल तर मायक्रोसॉफ्टने अशाच कामासाठी दिलेले ‘प्रोग्राम इन्स्टॉल अँड अनइन्स्टॉल’ हे दुरुस्तीचे साधन वापरावे. रजिस्ट्री साफ करून देण्याची हमी देणारी इतर साधने वापरू नयेत. त्यांनी साफ केलेल्या नोंदींत लागणाऱ्याही नोंदी जातात.

सेटअप यशस्वी होऊनही संकेतस्थळास यंत्र दिसत नसेल तर तो दोष सेटअपचा नव्हे. आरडी सर्व्हिस संगणकाच्या ११,१०० ते ११,१२० या क्रमांकांच्या पोर्टवर उत्तर देते. सेवा थांबलेली असणे किंवा फायरवॉलने वाट अडविणे ही तेथील कारणे असतात, आणि सेटअप पुन्हा चालवून ती जात नाहीत.

ॲन्टीव्हायरसमुळे काम अडते अशी समजूत सर्वत्र आहे व काही वेळा ती खरीही असते. प्रथम त्याच्या ‘हिस्ट्री’मध्ये ही फाईल अडविल्याची नोंद आहे काय ते पाहावे. नोंद नसेल तर त्याच्यावर आळ घेऊ नये. नोंद असेल आणि फाईल कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घेतलेली व सही ग्राह्य असलेली असेल, तर तेवढ्याच फाईलला मुभा द्यावी. सबंध संरक्षण बंद करून ठेवू नये. सेवा केंद्राच्या संगणकावर शेकडो शेतकऱ्यांचे आधार, सातबारा व बँक खात्याचे कागद असतात.

विंडोजच्याच फाईली बिघडल्या असतील, उदाहरणार्थ अपडेट चालू असता वीज गेली असेल, तर कोणताही सेटअप सरळ चालत नाही. एकाच नव्हे तर निरनिराळ्या कंपन्यांचे सेटअप अडू लागले की ही शंका घ्यावी. ॲडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टमध्ये प्रथम डीआयएसएम या आज्ञेने, ऑनलाइन, क्लीनअप-इमेज व रिस्टोअरहेल्थ हे तीन शब्द तिरप्या रेघांसह जोडून, विंडोजचा मूळ साठा दुरुस्त करावा. त्यानंतर एसएफसी ही आज्ञा स्कॅननाऊ या शब्दासह द्यावी. पहिल्या आज्ञेस इंटरनेट लागते व दोहोंस वेळ लागतो. मध्येच खिडकी बंद करू नये. ज्या संगणकांवर परवान्याशिवायची, काटछाट केलेली विंडोज कोणी टाकून दिलेली असते तेथे हा उपायही निष्फळ ठरतो, कारण दुरुस्तीस लागणारे भागच काढून टाकलेले असतात. त्या ठिकाणी अधिकृत विंडोज नव्याने बसविणे हेच श्रेयस्कर.

तपासणी करताना एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत लिहून ठेवावा. पाच बदल एकदम केल्यास काम झाले तरी ते कशाने झाले हे कळत नाही, व दुसऱ्या संगणकावर तीच अडचण आली की पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागतो.

मुदतीचा दिवस तोंडावर असता माणूस अगतिक होतो आणि इंटरनेटवर शोधून मिळालेल्या पहिल्या ‘कस्टमर केअर’ क्रमांकास दूरध्वनी करतो. असे कित्येक क्रमांक लुबाडणूक करणाऱ्यांनी पेरलेले असतात. पलीकडचा मनुष्य दुरून संगणक हाताळण्याचे सॉफ्टवेअर टाकावयास लावतो व खात्यावर हात मारतो. क्रमांक यंत्राच्या खोक्यावरून किंवा कंपनीच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्यावा. फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर विनाविलंब कळवावे. जितक्या लवकर कळविले जाईल तितकी रक्कम थांबविता येण्याची शक्यता अधिक.

हंगामापूर्वीची तयारी

पऱ्हे टाकण्याच्या सुमारास, म्हणजे जूनमध्येच, केंद्रातील प्रत्येक यंत्र एकदा चालवून पाहावे. चालू असलेल्या सॉफ्टवेअरचे पूर्ण, ऑफलाइन सेटअप एका पेन ड्राइव्हवर ठेवून त्यांची आवृत्ती व तारीख कागदावर लिहावी. ‘सिस्टम प्रोटेक्शन’ची सोय पुष्कळ संगणकांवर बंद असते, ती चालू करून ‘रिस्टोअर पॉइंट’ तयार करावा. नवे सॉफ्टवेअर बसविताना घोटाळा झाल्यास संगणक त्या स्थितीस परत नेता येतो व केंद्रचालकाने जतन केलेली कागदपत्रे आहेत तशीच राहतात.

इतके करूनही यंत्र एखाद्या दिवशी चालले नाही, तर तसा निरोप सकाळीच आसपासच्या गावांतील ग्रामपंचायतींना व शेतकऱ्यांच्या मोबाइल गटांना द्यावा, म्हणजे कोणाची खेप वाया जात नाही. किसान सन्मान निधीच्या ई-केवायसीपुरती आणखी एक वाट आहे. जून २०२३ पासून या योजनेच्या मोबाइल ॲपवर चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची सोय करण्यात आली असून तीस ना ठसायंत्र लागते, ना ओटीपी.